मान कुणाला, सही कुणाची? घरच्या कंपनीतल्या परंपरा आणि कारभार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कंपन्या भोसरी, चाकण, हडपसर भागातल्या आहेत. वडिलांनी किंवा आजोबांनी एका लेथवर सुरू केलेल्या आणि आता दुसऱ्या-तिसऱ्या पिढीकडे आलेल्या. "हे कुठल्या कलमाखाली येतं?" हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा ऐकू येतो. "हे दादांना सांगायचं कसं?" हा मात्र रोजचा आहे. खालची उत्तरं त्या रोजच्या प्रश्नाची आहेत. कायदा जिथे लागतो तिथे सांगितला आहे. बाकी माझं मत आहे, ते पटलंच पाहिजे असं नाही.

आमची साधी प्रायव्हेट लिमिटेड आहे, सगळे भागधारक घरचेच. आम्हाला कॉर्पोरेट गव्हर्नन्सशी काय करायचंय?

पैसा एकाचा, निर्णय दुसऱ्याचा आणि परिणाम तिसऱ्यावर, अशी स्थिती आली की कारभाराचे नियम लागतात. तुमच्याकडे बँकेचं कॅश क्रेडिट आहे, साठ कामगार आहेत, अमेरिकेतल्या आत्याच्या नावावर आठ टक्के शेअर आहेत. म्हणजे ती स्थिती केव्हाच आलेली आहे. ती आत्या आजवर काही विचारत नाही, एवढंच.

शिवाय हा विषय पुण्याला परका नाही. भारतात कंपन्यांच्या कारभाराची पहिली आचारसंहिता सीआयआय या उद्योगांच्या संघटनेने १९९८ मध्ये काढली. ती तयार करणाऱ्या गटाचे अध्यक्ष आकुर्डीचे राहुल बजाज होते. ती ऐच्छिक होती. पुढे १९९९ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या सरकारी नियामकाने, कुमारमंगलम बिर्ला समिती नेमली, तिच्या शिफारशींतून कंपन्यांच्या शेअर बाजाराशी होणाऱ्या करारात कारभाराचं कलम ४९ आलं, आणि मग कंपनी कायदा २०१३ ने बरंच काही सक्तीचं केलं. हा ऐच्छिकतेकडून सक्तीकडे झालेला प्रवास लक्षात ठेवा, कारण पुढचा प्रश्न तिथूनच निघतो.

संस्कार चांगले असले तर एवढे नियम कशाला?

हा प्रश्न विचारणारी माणसं बहुधा खरोखरच सरळ असतात, म्हणून उत्तर देताना मला जरा अवघड जातं.

पुणेरी उत्तर एका ओळीचं आहे : विश्वास तर पानिपतात गेला. पण जरा सविस्तर बोलू. सत्यम ही हैदराबादची कंपनी. १६ डिसेंबर २००८ ला तिच्या संचालक मंडळाने प्रवर्तक, म्हणजे कंपनी काढणाऱ्या, कुटुंबाच्याच दोन मेटास कंपन्या विकत घ्यायला मंजुरी दिली. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ ला, खुद्द अध्यक्षांनी पत्र लिहून हिशेब खोटे असल्याची कबुली दिली. त्या मंडळात कोण होते? हार्वर्डचे प्राध्यापक, माजी कॅबिनेट सचिव, नामांकित व्यवस्थापन संस्थेचे प्रमुख. अक्कल किंवा चारित्र्य कमी पडलं असं म्हणणं अवघड आहे. माझ्या मते कमी पडला तो तोंडावर "नाही" म्हणण्याचा सराव. आपल्याकडे त्याला भीड म्हणतात, आणि भीड ही भिकेची बहीण असं आपल्याच आजीने सांगून ठेवलंय.

संस्कार माणसाला स्वतःच्या चुकीपासून अडवतात. समोरच्या वडीलधाऱ्याची चूक दिसली तर तेच संस्कार "मोठ्यांपुढे बोलू नये" असंही सांगतात. नियम त्या दुसऱ्या प्रसंगासाठी लागतो. ठराव पुढे ठेवलाच पाहिजे, हितसंबंध असलेल्याने तो उघड केलाच पाहिजे, असं कायदा म्हणत असला की धाकट्याला बोलावं लागतं आणि त्याचं बोलणं उद्धटपणा ठरत नाही. "दादा, माझं काही नाही, पण कलम १८४ आहे ना," असं म्हणता येतं. हे वाक्य मी कित्येकांना पाठ करून दिलंय.

म्हणजे परंपरेतून घेण्यासारखं काहीच नाही?

पुष्कळ आहे. फक्त आपण चुकीचं घेतो. बहुतेक कंपन्यांच्या भिंतीवर "सचोटी, आदर, कुटुंबभावना" असं फ्रेममध्ये लावलेलं असतं. हे शब्द जगातल्या कुठल्याही भिंतीवर शोभतात. आपल्या परंपरेत याहून कामाच्या गोष्टी आहेत, आणि त्या भावनांपेक्षा पद्धतींच्या आहेत.

उदाहरणार्थ हिशेबाची शिस्त. फडणीस हे आज आपल्याला आडनाव वाटतं. मुळात तो फडाचा, म्हणजे कचेरीचा, जमाखर्च लिहिणारा अधिकारी. नाना फडणवीस पुढे केवढे मोठे कारभारी झाले, पण ते वर आले ते याच हुद्द्यावरून. पेशवे दफ्तरातले मोडी कागद पुण्याच्या अभिलेखागारात आजही रुमालात बांधून ठेवलेले आहेत. पागेतल्या दाण्यापासून दक्षिणेच्या वाटपापर्यंत सगळं लिहिलेलं. दिवाळीत आपण वहीपूजन करतो ते याच शिस्तीचं शेपूट. वहीला हळदकुंकू वाहायचं आणि आत रोखीचा व्यवहार लिहायचाच नाही, याला परंपरा म्हणवत नाही.

दुसरी गोष्ट मानाची. माझ्या दृष्टीने ही सर्वांत कामाची. आपल्या समाजात मान आणि अधिकार वेगळे ठेवायची सोय फार जुनी आहे. विसर्जन मिरवणुकीत कसबा गणपती पहिला, तांबडी जोगेश्वरी दुसरा, गुरुजी तालीम तिसरा, तुळशीबाग चौथा, केसरीवाडा पाचवा. हा क्रम कुणी मोडत नाही. पण म्हणून लक्ष्मी रस्त्यावरचा बंदोबस्त कसबा गणपती ठरवत नाही. मान ज्याचा त्याला मिळतो, आणि व्यवस्था ज्याच्या अंगावर आहे तो ती बघतो. घरच्या कंपनीत आपण नेमकं हेच विसरतो. ज्याला मान त्यालाच चेकबुक, आणि चेकबुक काढून घेतलं की मान गेला, अशी समजूत होते. निम्मी भांडणं इथली असतात.

आमच्या सीएंचे मित्र स्वतंत्र संचालक म्हणून यायला तयार आहेत. चांगले आहेत, कशालाच हरकत घेत नाहीत. चालेल?

प्रायव्हेट कंपनीला स्वतंत्र संचालकाची, म्हणजे प्रवर्तकांशी नातं किंवा कंपनीत आर्थिक हितसंबंध नसलेल्या संचालकाची, सक्ती नाही. सूचीबद्ध, म्हणजे जिचे शेअर बाजारात विकले जातात अशा कंपनीत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र लागतात. अध्यक्ष कार्यकारी किंवा प्रवर्तकांपैकी असेल तर सेबीच्या नियमाप्रमाणे निम्मे. एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षं, अशा सलग दोन मुदती, मग तीन वर्षं विश्रांती. हे झालं कागदाचं.

पण "कशालाच हरकत घेत नाहीत" ही पात्रता कशी झाली? पूजेत गुरुजी मंत्र म्हणतात आणि यजमान "मम" म्हणतो. असा संचालक हवा असेल तर फी देऊन आणायची गरज नाही, घरात मेंबरं आहेत.

पुण्यात या पदासाठी एक माप आधीच तयार आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. त्यांनी चौकशी केली, गादीवर बसलेल्या रघुनाथरावांनाच दोषी ठरवलं आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. मग पद सोडून पुण्याबाहेर गेले. राघोबांची सत्ता गेल्यावर त्यांना सन्मानाने परत बोलावलं. या गोष्टीत लोक फक्त बाणेदारपणा बघतात. मला तिच्यात दोन बारीक गोष्टी दिसतात. एक म्हणजे रामशास्त्री पेशव्यांचेच पगारी होते. पगार घेऊनही स्वतंत्र राहता येतं. दुसरी, ते पद सोडू शकले. ज्या संचालकाचं घर तुमच्या फीवर चालतं तो पद सोडू शकत नाही, मग तो कितीही विद्वान असो. म्हणून माणूस निवडताना मी एकच चौकशी करायला सांगतो : याने आधी कुठलं पद स्वतःहून सोडलंय का, आणि कशासाठी?

मेहुण्याच्या वर्कशॉपला आम्ही जॉबवर्क देतो. बाजारभावानेच देतो. काही नोंद करावी लागते का?

इथे कायदा आणि आपली नाती यांची गंमत आहे. कंपनी कायद्यात नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, आई, वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आणि एकाच हिंदू एकत्र कुटुंबाचे सदस्य. सावत्र धरून. यादी संपली. मेहुणा नाही, साडू नाही, भाचा नाही, मामा नाही. काका-पुतण्यासुद्धा एकत्र कुटुंबाचे सदस्य नसतील तर कायद्याला परके. "काका, मला वाचवा" ही हाक जिथे ऐकू आली त्या शहराने काका-पुतण्याला नातेवाईक मानायचं नाही, म्हणजे कमालच.

तेव्हा मेहुणा त्या यादीत बसत नाही म्हणून लगेच निःश्वास सोडू नका. त्या वर्कशॉपमध्ये तुमच्या पत्नीची भागीदारी असेल तर व्यवहार संबंधित पक्षाचा झालाच. नेहमीच्या धंद्यातला आणि बाजारभावाचा असेल तर कलम १८८ ची मंजुरी लागत नाही, पण तो खरंच बाजारभावाचा होता हे दाखवता आलं पाहिजे.

माझा सल्ला कायद्याच्या थोडा पुढे जातो. ज्याच्या लग्नात तुम्ही आहेर घेता-देता, त्याच्याशी होणारा व्यवहार नोंदवा. ही यादी कायद्याच्या यादीपेक्षा लांब होते आणि खरीही असते. एका कंपनीत आम्ही असं केलं : आहेराची वही समोर ठेवून व्हेंडरची यादी तपासली. अकरा नावं निघाली, त्यातली दोन ऑडिटरला माहीत होती. अकराही व्यवहार स्वच्छ निघाले, हे मुद्दाम सांगतो. पण वर्षातून एकदा दोन बाहेरची कोटेशनं घ्यायची पद्धत त्यानंतर पडली, आणि मेहुण्यानेच पहिल्या वर्षी दर दीड रुपयाने उतरवला.

वडील ७८ वर्षांचे आहेत. रोज येतात, चेकवर सही त्यांचीच. त्यांना दुखवायचं नाही. काय करावं?

दुखवू नका. पण सही आणि खुर्ची वेगळी करा.

सूचीबद्ध कंपन्यांत हा वाद देशपातळीवर झाला आहे. उदय कोटक समितीने २०१७ मध्ये अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक ही पदं वेगळी ठेवायची शिफारस केली, सेबीने मोठ्या कंपन्यांना ती सक्तीची करायचं ठरवलं, मुदत वाढवली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ती ऐच्छिक करून टाकली. घराणी तयार नव्हती, हे उघड आहे. एका घरातल्या दोन खुर्च्या वेगळ्या करायला सेबीला जमलं नाही तर तुम्हाला एका बैठकीत जमेल असं समजू नका.

पुण्यात हे शांतपणे करून दाखवलेलं उदाहरण थरमॅक्सचं आहे. १९९६ मध्ये रोहिंटन आगा गेले आणि अनु आगा अध्यक्ष झाल्या. २००४ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडलं, ते त्यांची मुलगी मेहेर पदमजी यांच्याकडे आलं. मालकी आणि अध्यक्षपद घरात, पण रोजचा कारभार घराबाहेरच्या व्यावसायिक प्रमुखाकडे. मान कुठेच गेला नाही.

तुमच्या मापाचं सांगायचं तर : वडिलांना अध्यक्ष करा. बैठकीची सुरुवात त्यांनी करावी, दसऱ्याला पहिली सुपारी त्यांच्या हातची, जुन्या ग्राहकाचा फोन त्यांनीच घ्यावा. पाच लाखांच्या वरच्या चेकवर दोन सह्या लागतील असा ठराव करा, आणि त्या दोन कुणाच्या हे पदाने ठरवा, नावाने नको. पहिले सहा महिने दुसरी सही त्यांचीच ठेवा. बहुतेक वडील चौथ्या महिन्यात कंटाळतात. नाही कंटाळले तर त्यांना काहीतरी दिसतंय असं समजा आणि ते काय दिसतंय ते विचारा. एका ठिकाणी आजोबांचं बरोबर निघालं होतं. नातू जीएसटीचा परतावा गृहीत धरून खर्च करत सुटला होता.

मुलगा एमबीए होऊन आलाय. थेट डायरेक्टर केलं तर लोक बोलतील का?

बोलतील. लोक कशावरही बोलतात. खरा प्रश्न वेगळा आहे : तो चुकला तर त्याला कोण काढणार?

शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांची पदं वंशपरंपरेची नव्हती, आणि वतनांऐवजी रोख वेतनावर महाराजांचा भर होता. ही पदं घराण्यांत मुरली ती पुढे. १७२० मध्ये बाळाजी विश्वनाथांनंतर पेशवाई त्यांच्या मुलाला मिळाली, आणि तो पहिला बाजीराव निघाला. एवढा अस्सल वारस पहिल्याच फेरीत निघाल्यावर पद्धत पक्की होणारच. १८१८ मध्ये ती दुसऱ्या बाजीरावापाशी संपली. दोघंही वारसानेच आले होते. तुमचा मुलगा कोणता बाजीराव आहे हे तुम्ही सांगू शकत नाही, कारण तुम्ही वडील आहात.

इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यातच दहा हजार रुपयांवर सुरू झाली. आपल्या मुलांना कंपनीच्या व्यवस्थापनात आणायचं नाही, असं संस्थापकांनी ठरवलं होतं. २०१३ मध्ये नारायण मूर्ती परत आले तेव्हा मुलाला सोबत मदतनीस म्हणून आणलं, आणि केवढी चर्चा झाली ते अनेकांना आठवत असेल. वर्षभरात दोघंही बाहेर पडले. पुढे मूर्तींनीच म्हटलं की पात्र मुलांना वगळणारा तो नियम चुकीचा होता. मला दोन्ही बाजू समजतात. मुलाला घ्या, पण तीन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली आणि त्याचा वार्षिक आढावा काकांनी किंवा वडिलांनी न करता.

कामगाराने गैरव्यवहाराची माहिती दिली तर त्याला बाकीचे चहाडखोर म्हणतात. अशी योजना आपल्याकडे चालेल का?

आपल्या भाषेत गुपचूप सांगणाऱ्याला चहाडखोर, चुगलखोर, कळलाव्या असे किती शब्द आहेत बघा. भल्यासाठी सांगणाऱ्याला एकही नाही. जागल्या हा शब्द आहे, पण तो गावाची राखण करणारा. अलीकडे वर्तमानपत्रांनी तो या अर्थाने वापरायला घेतला आहे. मला तो आवडतो. जागल्या रात्री ओरडला म्हणून गाव त्याच्यावर रागावत नसे.

कायद्याने सूचीबद्ध कंपन्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या आणि बँका-वित्तसंस्थांचं ५० कोटींच्या वर कर्ज असलेल्या कंपन्या यांना गैरव्यवहार कळवायची अशी यंत्रणा लागते. तक्रारदाराला त्रास होणार नाही याची सोयही त्यात हवी. लहान कंपनीत तक्रारपेटी लावली की पहिल्या महिन्यात चहाच्या दर्जाबद्दल चिठ्ठ्या येतात. येऊ द्या. चहा सुधारा. चहाची चिठ्ठी वाचली जाते हे कळल्यावर भंगाराच्या वजनाची चिठ्ठी येते.

आणि निनावी पत्र फाडू नका. अनु आगा यांनी जाहीरपणे अनेकदा सांगितलंय : कंपनीचा शेअर घसरला होता तेव्हा एका भागधारकाचं निनावी पत्र आलं, तुम्ही आम्हाला निराश केलंत अशा आशयाचं. त्या पत्राने त्यांना हलवलं, आणि त्यानंतर कंपनीची फेररचना झाली. "घरची गोष्ट घरात", "झाकली मूठ सव्वा लाखाची" हे घराला ठीक. भागधारकाचे पैसे त्या मुठीत असतील तर तिला उघडावंच लागतं.

दोन टक्के सीएसआर (कंपनीने समाजासाठी करायचा खर्च) कुलदैवताच्या देवस्थानाला आणि आमच्या मंडळाला देता येईल का?

आधी सीएसआर तुम्हाला लागू आहे का ते बघा : आदल्या आर्थिक वर्षात निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी. यातलं एकही असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के. खर्च परिशिष्ट ७ मधल्या कामांवर : शिक्षण, आरोग्य, पाणी, पर्यावरण, वारसा जतन वगैरे. मंडळाची वर्गणी आणि मांडवाच्या कमानीवरची जाहिरात यात येत नाही. मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरातीसारखे एकवेळचे कार्यक्रम धरता येणार नाहीत हे सरकारने जून २०१४ च्या परिपत्रकातच स्पष्ट केलं.

"पण दान ही तर आपली परंपरा," असं लगेच ऐकू येतं. आहेच. देहूचे तुकाराम महाराज महाजन-सावकार घरातले. त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचा भाग मात्र सांगायचा राहतो. परंपरेने सांगितलेली गोष्ट अशी की त्यांनी आधी खतांचे दोन वाटे केले, निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली, आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. भावाची खतं बुडवण्याचं पुण्य त्यांनी घेतलं नाही.

कंपनीचा पैसा हा कान्होबाचा वाटा धरून चाला. तुमचा लाभांश हातात आला की तो तुमचा. त्यातून देवस्थानाला द्या, मंडळाला द्या, कळस बसवा. कंपनीच्या खात्यातून देताना तो आत्याचाही पैसा असतो, आणि संगमरवरी पाटीवर नाव मात्र तुमचं येतं.

गांधीजींची विश्वस्ताची कल्पना याच्याच जवळची आहे. ते १९४२ ते १९४४ पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना या विश्वस्त तत्त्वावर तिथे चर्चा झाली, आणि सुटकेनंतर त्याचा छोटा व्यवहारी मसुदा झाला. मालकाने स्वतःला विश्वस्त समजावं, हे त्याचं सार. कंपनी कायद्याचं कलम १६६ संचालकाकडून जे मागतं त्यात भागधारकांबरोबर कामगार, समाज आणि पर्यावरणही येतात. हे कलम वाचून दाखवलं की जुन्या पिढीचे लोक म्हणतात, "अहो, हे तर आम्ही करतच होतो." काही जण खरंच करत होते.

महिला संचालक हवी म्हणून पत्नीचं नाव घातलं. चूक झाली का?

कायद्याने चूक नाही. प्रत्येक सूचीबद्ध कंपनीला, आणि १०० कोटी भागभांडवल किंवा ३०० कोटी उलाढाल असलेल्या पब्लिक कंपनीला, किमान एक महिला संचालक लागते. २०१५ च्या मुदतीआधी देशभर पत्नी, बहिणी, मुली संचालक झाल्या. मग सेबीने मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांसाठी ती महिला स्वतंत्र संचालक असली पाहिजे असं केलं : पहिल्या ५०० कंपन्यांना एप्रिल २०१९ पासून, पहिल्या १,००० ना एप्रिल २०२० पासून.

तुमच्या घरी मी विचारेन ते वेगळं. वहिनींना बैठकीचे कागद आधी मिळतात का, की फक्त सहीच्या वेळी स्वयंपाकघरातून हाक मारता? संचालक म्हणून जबाबदारी त्यांच्यावर पूर्ण आहे. "मला माहीत नव्हतं, हे म्हणाले म्हणून सही केली" हे कुठे ऐकलं जात नाही. माझ्या अनुभवात ज्या घरांत त्यांना कागद मिळाले तिथे पहिला कठीण प्रश्न त्यांनीच विचारला. भिशी चालवलेल्या बाईला उधारी कशी फुगते ते शिकवावं लागत नाही.

दिवाळीला पुरवठादाराकडून मिठाईचा बॉक्स घ्यायचा की नाही?

बॉक्स घ्या, टेबलावर उघडा, सगळ्यांना वाटा. पाकीट, चांदीचं नाणं आणि महाबळेश्वरचं बुकिंग परत करा. परत केल्याची नोंद ठेवा. घेणाऱ्याचा हुद्दा जितका मोठा तितकी मर्यादा कमी ठेवा. बहुतेक कंपन्यांत उलट असतं.

यंत्रपूजा, सत्यनारायण हे कंपनीच्या खर्चाने करावं का?

खंडेनवमीला भोसरीतली यंत्रं धुऊन पुसून झेंडू लावून उभी असतात आणि कामगार मुलाबाळांना घेऊन येतात. वर्षातून एक दिवस यंत्र बंद ठेवून तेलपाणी करणं, हे देखभालीच्या खात्यात टाकलं तरी चालेल. खर्च स्टाफ वेल्फेअरमध्ये दाखवा, लपवू नका. हजेरी सक्तीची नको, आणि वेगळ्या धर्माचा फोरमन असेल तर त्याला नारळ धरायला उभं करू नका. एवढं तारतम्य असलं की पुरे.

आम्ही तिघं भाऊ आहोत, एकोपा आहे. वाटणीचा, वारसाचा कागद करायला घेतला तर उगाच संशय येईल. आपल्यात कागद कशाला?

आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणूनच कागद हवा. परक्याशी भांडण झालं तर वकील असतो. भावाशी झालं तर गणपतीत जेवायला कोण कुणाकडे जाणार इथपर्यंत प्रश्न येतो.

एकोपा असतानाच लिहा, कारण तेव्हाच तिघं खरं बोलतात. कुणाचे शेअर कुणाला विकता येतील, किंमत कोण काढेल, घरातल्या कुणाला नोकरी आणि कोणत्या अटीवर, ब्रँडचं नाव आणि आडनाव कोण वापरेल. आडनावाचं कलम लोक विसरतात. पुण्यात आडनावं उत्पादनांवर लिहिलेली असतात, आणि सर्वांत कडवे वाद तिथेच होतात. कंपनी सूचीबद्ध असेल तर आणखी एक : २०२३ पासून प्रवर्तकांमधले, कुटुंबातले, असे करार कंपनीच्या नियंत्रणावर परिणाम करणारे असतील तर ते जाहीर करावे लागतात, कंपनी स्वतः त्या करारात नसली तरी. म्हणजे देवघरातल्या कपाटात ठेवलेला कागद आता पुरत नाही.

कागद वाचायचा कुणी? तिघांच्या बायकांनी आणि मोठ्या मुलांनीही. ज्यांनी तो पाळायचा आहे त्यांनी तो पहिल्यांदा कोर्टात वाचू नये.

एजीएम (वार्षिक सर्वसाधारण सभा) दरवर्षी घाईत होते. सप्टेंबरात गणपती, मग पितृपंधरवडा. त्यात सभा नको म्हणतात मोठी माणसं. मुदत वाढवून मिळते का?

मुदतवाढ कंपन्यांच्या सरकारी रजिस्ट्रारकडे खास कारणाने मागता येते. पितृपक्ष हे कारण लिहून पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. मार्चअखेर वर्ष संपतं, सभा ३० सप्टेंबरच्या आत. २०२४ चंच बघा : ७ ते १७ सप्टेंबर गणपती, १८ पासून २ ऑक्टोबरपर्यंत पितृपंधरवडा. महिना संपला.

आता मोठ्यांचं मन मोडायचं नसेल तर सभा श्रावणात घ्या. श्रावण कुणालाच वर्ज्य नाही, आणि आत्या त्या सुमारास मंगळागौरीला येतच असते. त्यासाठी हिशेब जूनअखेर ऑडिटरच्या हातात हवेत, जुलैत बोर्डाची बैठक, आणि सभेच्या आधी २१ पूर्ण दिवसांची नोटीस. वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहाच्या मधली, राष्ट्रीय सुट्टी सोडून कुठलाही दिवस, म्हणजे पंधरा ऑगस्ट तेवढा टाळा. दुपारी एक ते चार कायद्याने चालतं, पण सदाशिव पेठेतले भागधारक असतील तर कोरम जमणार नाही. आत्यांना ताळेबंद आधी पाठवा, आणि या वेळी त्यांनी काही विचारलं तर प्रश्न आणि उत्तर दोन्ही इतिवृत्तात लिहा.